‘पाय ठीक’ म्हणजे नेमके काय तपासले? मधुमेहींच्या पायांच्या प्रमाणित तपासणीविषयी

मधुमेहाच्या रुग्णाच्या केस पेपरवर पायांविषयी पुष्कळदा एकच शब्द लिहिलेला असतो: ‘ठीक’. रक्तातील साखर मात्र कोणी अशी लिहीत नाही. तिथे आकडा असतो, आणि तो उपाशीपोटीचा की जेवणानंतर दोन तासांचा, हेही नमूद केलेले असते. रक्तदाब ‘बरा आहे’ असे कोणी लिहिलेच, तर पुढचे डॉक्टर तो पुन्हा मोजतील. पायांच्या बाबतीत ही शिस्त अजून आपल्या अंगवळणी पडलेली नाही. मोजे काढले होते की नाही, बोटांच्या बेचक्यांत पाहिले की नाही, दोन्ही पायांच्या नाड्या चाचपल्या की एकाच पायाची, की ‘पायाला काही त्रास नाही ना?’ असे विचारून ‘नाही’ हे उत्तर मिळताच तो शब्द लिहिला गेला, यांपैकी काहीच ‘ठीक’ या शब्दावरून कळत नाही.

तपासणी प्रमाणित करणे म्हणजे तपासणारी व्यक्ती बदलली तरी निष्कर्ष बदलू नये अशी व्यवस्था लावणे. कोणत्या चाचण्या करायच्या, त्या पायाच्या कोणत्या जागी आणि कशा करायच्या, रुग्णाला काय आणि कोणत्या शब्दांत विचारायचे, कागदावर काय लिहायचे आणि त्या नोंदीवरून रुग्णाला पुन्हा कधी बोलवायचे, हे सर्व आधीच ठरलेले असले, तर गडचिरोलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेने केलेली तपासणी आणि मुंबईतील तज्ज्ञाने केलेली तपासणी एकमेकींशी ताडून पाहता येतात. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. ही तपासणी मागे पडण्याचे कारण तिचा खर्च आहे असे मला वाटत नाही. ती अनेकांना फार सोपी वाटते, म्हणून जो तो आपापल्या पद्धतीने करतो आणि घाई असली की वगळतो.

दुखत नाही, म्हणूनच तपासायचे

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की चेतातंतूंची हानी होऊ लागते, आणि शरीरातील सर्वांत लांब चेतातंतू पायाच्या बोटांपर्यंत जात असल्यामुळे हानीची सुरुवात बहुधा तिथूनच होते. संवेदना वाहून नेणाऱ्या तंतूंना इजा झाली की स्पर्श, वेदना आणि तापमान यांची जाणीव कमी होते. पावलातील लहान स्नायूंना चालना देणारे तंतू निकामी होऊ लागले की ते स्नायू झडतात, बोटे पंजासारखी वळतात आणि चालताना शरीराचा भार चवड्याच्या हाडांखाली नको तितका एकवटतो. घाम नियंत्रित करणारे तंतू बिघडले की पायाची त्वचा कोरडी पडते आणि टाचांना भेगा पडतात. या तिन्ही गोष्टी एकाच पावलात घडत असतात. भार एकवटलेल्या जागी घट्टा तयार होतो, तो घट्टा चपलेत अडकलेल्या खड्यासारखा आतल्या मांसावर दाब देत राहतो, खाली रक्त साकळते, आणि एके दिवशी घट्ट्याखालून जखम वर येते. निरोगी माणूस पहिल्याच दिवशी लंगडला असता आणि त्या पायावर भार देणे त्याने टाळले असते. ज्याची संवेदना गेली आहे तो त्याच जखमेवर आठवडाभर चालत राहतो.

रक्तवाहिन्यांचा आजार ही याला जोडून येणारी दुसरी बाजू. पायाच्या धमन्या अरुंद झाल्या की किरकोळ जखमही भरत नाही, जंतुसंसर्ग झाला तर औषध रक्तावाटे तिथपर्यंत पुरेसे पोहोचत नाही, आणि पुढे गँगरीनची वेळ येते. धमन्या अरुंद झालेल्या माणसाच्या पोटऱ्या चालताना एरवी दुखतात. पण चेतातंतूंची हानीही सोबत असेल, तर हे दुखणेही जाणवत नाही.

म्हणूनच ‘पायाला काही त्रास आहे का?’ हा प्रश्न तपासणीची जागा घेऊ शकत नाही. पायांत मुंग्या येतात, आग होते, रात्री झोप लागत नाही अशी तक्रार करणारा रुग्ण निदान डॉक्टरांचे लक्ष पायांकडे वेधतो. ज्याला काहीच जाणवत नाही आणि म्हणून काहीच सांगायचे नसते, त्याचा पाय अनेकदा अधिक धोक्यात असतो. एका अंदाजानुसार मधुमेह असलेल्या व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी पायाला जखम होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. या दोन आकड्यांचा गुणाकार वाचकाने स्वतःच करून पाहावा.

दहा ग्रॅमचा धागा

या तपासणीतील सर्वांत परिचित साधन म्हणजे मोनोफिलामेंट, म्हणजे मुठीला बसवलेला नायलॉनचा एकेरी धागा. त्याच्या मागचा विचार समजला की प्रमाणीकरणाचे मर्म कळते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

स्पर्शाची जाणीव तपासण्याची सर्वांत मोठी अडचण तपासणाऱ्याच्या हातात असते. एकाचा हात हलका, दुसऱ्याचा जड. सकाळी पहिल्या रुग्णाला स्पर्श करताना जेवढा दाब दिला जातो, तेवढाच दुपारी चाळिसाव्या रुग्णाला दिला जाईल याची खात्री नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माक्स फॉन फ्राय या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने यावर एक उपाय काढला. घोड्याचा केस त्वचेवर टेकवून दाबला, तर एका ठरावीक जोरापर्यंत तो ताठ राहतो आणि त्यानंतर वाकतो. एकदा तो वाकला की हाताने कितीही जोर लावला तरी त्वचेवरचा दाब फारसा वाढत नाही. पुढे १९६० च्या सुमारास सेम्स आणि वाइनस्टाइन यांनी केसाऐवजी वेगवेगळ्या जाडीचे नायलॉनचे धागे वापरात आणले. त्यांतील १० ग्रॅम भाराला वाकणारा धागा आज मधुमेहींच्या पायांसाठी वापरला जातो.

हाच धागा का निवडला गेला, याचे उत्तर मधुमेहाच्या दवाखान्यात सापडत नाही. ते कुष्ठरोगाच्या रुग्णालयांत सापडते, आणि त्याची एक वाट भारतातून जाते. तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात जन्मलेले शल्यविशारद पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. कुष्ठरुग्णांची बोटे आणि पावले रोगामुळे आपोआप झडतात अशी त्या काळी समजूत होती. बधिर झालेल्या पायाला होणाऱ्या, रोज नकळत वाढत जाणाऱ्या इजांमुळे पाय जातो, हे ब्रँड यांनी निरीक्षणातून दाखवून दिले. पुढे ते अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या कार्व्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले. बधिर पायाची कहाणी मधुमेहातही तीच आहे हे तिथे स्पष्ट होत गेले, आणि तिथल्याच संशोधकांनी १९८६ मध्ये दाखवले की ज्यांना १० ग्रॅमच्या धाग्याचा स्पर्श जाणवतो त्यांच्या तळव्याला अशा जखमा होत नाहीत, आणि ज्यांना तो जाणवत नाही त्यांना होतात. मायक्रोसेल्युलर रबराची मऊ चप्पल, जिला आपल्याकडे एमसीआर चप्पल म्हणतात, तीही कुष्ठसेवेतूनच मधुमेहींच्या पायांत आली. महाराष्ट्रात कुष्ठरोगाचे काम केलेल्या जुन्या आरोग्य कर्मचाऱ्यांना बधिर पाय ओळखायला वेगळे शिकवावे लागत नाही, आणि हे कौशल्य मधुमेहाच्या कामात पुरेसे वापरले जात नाही याची खंत वाटते.

धाग्याने दाबाचा प्रश्न सोडवला, तरी बाकीची पद्धत ठरवावी लागतेच. मधुमेही पायासंबंधी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने १९९९ पासून प्रसिद्ध केलेल्या आणि दर चार वर्षांनी सुधारित होणाऱ्या मार्गदर्शक सूचनांत ती नेमकेपणाने सांगितली आहे. धागा आधी रुग्णाच्या हाताला, कोपराला किंवा कपाळाला टेकवून दाखवायचा, म्हणजे कोणता स्पर्श ओळखायचा आहे हे त्याला कळते. नंतर कोठे आणि केव्हा स्पर्श होतो आहे हे त्याला दिसता कामा नये. प्रत्येक पायावर तीन जागा: अंगठ्याच्या टोकाखाली, अंगठ्याच्या मुळाशी चवड्यावर आणि करंगळीच्या मुळाशी चवड्यावर. धागा त्वचेला काटकोनात टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा आणि उचलायचा. या सगळ्याला मिळून साधारण दोन सेकंद लागतात. तो त्वचेवरून घासायचा नाही, आणि घट्टा, जखम किंवा व्रण यांवर न टेकवता त्यांच्या कडेला टेकवायचा. प्रत्येक जागी दोनदा खरा स्पर्श आणि एकदा लटका, म्हणजे स्पर्श न करताच विचारायचे. तीनपैकी दोन उत्तरे बरोबर आली तर त्या जागी संरक्षक संवेदना, म्हणजे इजेपासून पायाला वाचवण्याइतकी जाणीव, शाबूत आहे, दोन चुकली तर नाही.

लटक्या स्पर्शाची ही पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. आपल्याकडचा रुग्ण डॉक्टरांचे मन राखतो. ‘आता लागलं ना?’ असे विचारले की तो मान डोलावतो, कारण ‘नाही’ म्हणणे त्याला उद्धटपणाचे वाटते किंवा आपण परीक्षेत नापास होऊ अशी भीती वाटते. प्रश्न ‘आता काही जाणवलं का? कोणत्या पायाला?’ असा विचारायला हवा, आणि स्पर्श नसतानाही ‘हो’ आले तर ती गोष्ट लक्षात घ्यायला हवी.

धागाही थकतो. एकाच दिवशी दहा ते पंधरा रुग्ण तपासल्यानंतर त्याला २४ तास विश्रांती द्यावी आणि सत्तर ते नव्वद रुग्णांनंतर तो बदलावा, असे कार्यगट सुचवतो. कारण थकलेला धागा १० ग्रॅमपेक्षा कमी भारालाच वाकतो आणि धडधाकट पायही बधिर ठरू लागतात. शंभर जणांच्या तपासणी शिबिरात एकच धागा घेऊन बसणे म्हणजे दुपारनंतरचे निकाल स्वतःच बिघडवणे होय. आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे: १० ग्रॅमचा स्पर्श जाणवला म्हणजे चेतातंतू निरोगी आहेत असे नाही. जखम होण्याइतकी संवेदना गेली आहे का, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर हा धागा देतो. हानी त्याआधीच सुरू झालेली असू शकते, म्हणून १२८ हर्ट्‌झचा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर टेकवून कंपनाची जाणीवही तपासली जाते.

धागा आणि नादकाटा दोन्ही नसतील, तर इंग्लंडमधील इप्सविच येथे विकसित झालेली आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली स्पर्शचाचणी वापरता येते. रुग्णाने डोळे मिटायचे आणि तपासणाऱ्याने तर्जनीच्या टोकाने दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करायचा. टोचायचे नाही, थोपटायचे नाही, चोळायचे नाही. सहापैकी दोन किंवा अधिक जागी स्पर्श कळला नाही, तर संवेदना कमी झाली आहे असे धरायचे. घरची माणसेसुद्धा ही चाचणी करू शकतात.

नजर, बोटे आणि प्रश्न

पाहणी दोन्ही पाय उघडे करून, उजेडात, तळव्यापासून बेचक्यांपर्यंत करायची असते. घट्टे, कुरूप, भेगा, चिखल्या, वाकडी झालेली बोटे, मांसात रुतलेली किंवा चुकीची कापलेली नखे, त्वचेचा रंग आणि सूज यांपैकी काय आहे आणि काय नाही, हे पाहायचे. आपल्याकडे यात काही गोष्टींची भर घालायला हवी. विवाहित स्त्रियांच्या पायांतील जोडवी काढून त्यांखालची त्वचा पाहिली पाहिजे, कारण बोट सुजले की जोडवे रुतते आणि बधिर बोटाला ते कळत नाही. अंगठ्याच्या चपलेचा पट्टा जिथे घासतो ती बेचकी निरखून पाहायला हवी. चप्पल-बूट हातात घेऊन आत बोटे फिरवावीत. वर आलेला खिळा किंवा उसवलेली शिवण अशीच सापडते.

प्रश्नही आपल्या जगण्यातले हवेत. घरात आणि अंगणात अनवाणी वावरता का, शेतात काय घालता, भर उन्हात देवळाच्या फरशीवर अनवाणी जाता का, थंडीत शेकोटीजवळ पाय धरता का किंवा गरम पाण्याच्या पिशवीने शेकता का, वारीला चालत जाता का, कुरूप घरीच ब्लेडने कापता का? बधिर पायाला रात्री झोपेत उंदीर चावल्याचे प्रकार भारतात आणि टांझानियात नोंदले गेले आहेत. परदेशी नमुन्यावरून तयार केलेल्या छापील यादीत हा प्रश्न सहसा सापडणार नाही.

नाडी दोन ठिकाणी चाचपायची: पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही हाताला लागत नाही, म्हणून दोन्ही पाहणे आवश्यक आहे. संपूर्ण तपासणीत हाच भाग सर्वांत व्यक्तिसापेक्ष आहे हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. शंका असेल तिथे हातात धरायच्या डॉप्लरने, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह टिपणाऱ्या छोट्या यंत्राने, घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात, ते ०.९ पेक्षा कमी असेल तर धमन्या अरुंद झाल्याचे ते लक्षण आहे. मधुमेहात धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साठून त्या कडक होतात आणि हा आकडा खोटा वाढतो, म्हणून १.३ च्या वरचा आकडा पाहून निर्धास्त होऊ नये. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातील दाब मोजणे अधिक भरवशाचे ठरते.

नोंद बोलकी हवी

इतके सारे करून शेवटी ‘ठीक’ लिहिले तर श्रम वाया गेले. प्रमाणित नोंदीत उजवा आणि डावा पाय वेगवेगळे असतात, प्रत्येक चाचणीपुढे निकाल असतो, आणि ‘दोष आढळला नाही’ व ‘तपासले नाही’ या दोहोंसाठी वेगळ्या खुणा असतात. रिकामी चौकट म्हणजे सर्व चांगले आहे असा अर्थ पुढच्या वाचणाऱ्याने लावणे फार धोक्याचे आहे.

या नोंदीवरून रुग्णाचा धोक्याचा गट ठरतो. कार्यगटाच्या पद्धतीत संवेदना शाबूत आणि रक्तपुरवठा चांगला असेल तर शून्य गट, आणि पुढची तपासणी वर्षाने. दोहोंपैकी एक बिघडले असेल तर पहिला गट, सहा ते बारा महिन्यांनी. दोन्ही बिघडली असतील, किंवा एका बिघाडासोबत पावलाच्या आकारात दोष असेल तर दुसरा गट, तीन ते सहा महिन्यांनी. आणि अशा बिघाडासोबत पूर्वी पायाला जखम झालेली असेल, पायाचा कोणताही भाग कापावा लागला असेल किंवा मूत्रपिंडे निकामी झाली असतील तर तिसरा गट, एक ते तीन महिन्यांनी. सध्या पायावर जखम असलेला रुग्ण या गटांत बसतच नाही. त्याला पुढची तारीख न देता उपचारासाठी तातडीने पाठवायचे असते. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम, लाल आणि सुजलेला असेल आणि संवेदना गेलेली असेल, तर जखम नसली तरी हाच नियम, कारण हाडे-सांधे ढासळवणाऱ्या शार्को विकाराची ती सुरुवात असू शकते आणि मुरगळ किंवा वात समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते.

अशी वर्गवारी खरोखर उपयोगी पडते का, याचे चांगले उत्तर स्कॉटलंडमधील टेसाइड भागातून २००६ मध्ये मिळाले. तिथे साडेतीन हजार मधुमेहींची कमी, मध्यम आणि अधिक धोका अशी विभागणी नेहमीच्या तपासणीत करून त्यांच्यावर सरासरी पावणेदोन वर्षे लक्ष ठेवले गेले. अधिक धोक्याच्या गटात जखमेची शक्यता कमी धोक्याच्या गटाच्या तुलनेत ८३ पट निघाली, तर कमी धोक्याच्या गटातील ९९.६ टक्के लोकांना जखम झालीच नाही. आपल्यासारख्या देशात, जिथे तज्ज्ञ थोडे आणि रुग्ण अफाट आहेत, तिथे याचा अर्थ फार मोठा आहे: कोणाला वर्षाने बोलावले तरी चालेल हे निश्चित कळले, की वाचलेला वेळ ज्याचा पाय जाऊ शकतो त्याला देता येतो. पुढे दहा अभ्यासांतील सोळा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून २०१५ मध्ये झालेल्या विश्लेषणातही धोका सांगणाऱ्या गोष्टी मोजक्याच ठरल्या: धाग्याचा स्पर्श न कळणे, नाडी न लागणे, आणि पूर्वी जखम किंवा अवयवच्छेद झालेला असणे.

हे काम डॉक्टरांनीच करावे असे नाही. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि टांझानियातील डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांच्या पुढाकाराने २००४ पासून दोन्ही देशांत राबवलेल्या ‘स्टेप बाय स्टेप’ कार्यक्रमात डॉक्टर आणि त्याच्यासोबत काम करणारा परिचारक किंवा परिचारिका यांना जोडीने प्रशिक्षण दिले गेले. जोडीचा हा विचार व्यवहाराला धरून आहे. ओपीडीत डॉक्टर औषधाची चिठ्ठी लिहीत असताना शेजारच्या टेबलावर प्रशिक्षित परिचारिका पाय तपासून गटाचा आकडा लिहू शकते, आणि डॉक्टरांनी त्या आकड्यानुसार पुढचा निर्णय घ्यायचा असतो.

नोंदीतील एक चूक मात्र विशेष टाळायला हवी. जखम भरली, पट्टी निघाली की रुग्ण, घरचे आणि पुष्कळदा डॉक्टरही सुटकेचा श्वास सोडतात आणि केस पेपरवर पुन्हा ‘पाय ठीक’ लिहिले जाते. ज्या बधिरपणामुळे आणि ज्या दाबामुळे ती जखम झाली, ते दोन्ही तसेच राहिलेले असते. भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के जखमा वर्षभरात पुन्हा उद्भवतात, आणि पाच वर्षांत हे प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून जखम भरलेला रुग्ण शून्यावर परत येत नाही, तो कायम तिसऱ्या गटात राहतो. पट्टी निघाल्याच्याच दिवशी त्याच्या केस पेपरवर तो आकडा आणि तीन महिन्यांच्या आतली पुढची तारीख लिहिलेली असली पाहिजे.